यशोदेचा होकार

ज्ञानाला आता अंतर उरलेले नाही. हे वाक्य २००९ सालच्या जानेवारीत मालवणपलीकडच्या एका मच्छीमारवाडीत, ग्रामपंचायतीच्या नव्या संगणक केंद्राच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी उच्चारले. उच्चारायला त्यांना बराच उशीर झाला होता, कारण खाडीवरची होडी पलीकडच्या काठाला होती आणि होडीवाला जेवायला बसला होता.

योजना पुण्याच्या एका संस्थेची. दर बुधवारी दुपारी तिकडून कोणीतरी जाणकार पडद्यावर येणार आणि वाडीतल्या मोठ्या माणसांना रोजच्या उपयोगाचे काहीतरी शिकवणार. विजेचे बिल कसे वाचावे, बँकेत खाते कसे उघडावे, साप चावला तर काय करू नये. इकडून प्रश्न विचारायचे, तिकडून उत्तरे यायची. उत्तरे बऱ्याचदा पुढच्या प्रश्नावर येऊन आदळत. वीजबिलाच्या वर्गात भिवा तांडेलाने थकबाकीबद्दल विचारले, तेव्हा त्याला आदल्या बुधवारच्या सापाच्या प्रश्नाचे, जखम चाकूने कापू नका असे उत्तर मिळाले होते. ते त्याने निमूट मानले.

साहेबांचे भाषण आटोपल्यावर परशुरामला गाऱ्हाणे घालायला सांगितले. वाडीत ती रीतच होती. होडी पाण्यात लोटायची असो, लग्न असो, रस्त्यावर डांबर पडायचे असो, परशुरामने नारळ हातात धरून सगळ्यांच्या वतीने देवाला सांगायचे आणि दर सांगण्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी हंय कम्प्युटर बसयल्यानी हा. तेका कोणाची नदर लागा नये रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या तारेर माकड चढा नये रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तेची लाईट जाव नये रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले, आणि लाईट गेली.

बायकांच्या बाजूने पहिला आवाज नेहमी यशोदेचा असायचा. यशोदा परशुरामची बायको. तिचा ‘व्हय’ निघाला की बाकीच्यांना कळायचे, आता आपण म्हणायचे. घरात मात्र तिच्या आवाजाला फारसे काम नव्हते. सगळ्या वाडीचे म्हणणे देवाला सांगणाऱ्या माणसाला घरातल्या एका माणसाचे म्हणणे सांगायला कितीसा वेळ लागतो? लेकीच्या सासरचे आले की यशोदेला काय वाटते ते परशुराम सांगायचा. मालवणच्या डॉक्टरने “काय होतंय, आजी?” असे विचारले तरी परशुरामच सांगायचा, कुठे दुखते, कसे दुखते, कशाने वाढते. इतके तपशीलवार सांगायचा की डॉक्टरने एकदा त्याचीच नाडी बघितली.

शिमगा झाल्यावर एका सकाळी परशुराम रापणीवर निघाला होता. किनाऱ्यावरून ओढायचे ते मोठे जाळे. चार हात कमी पडले तर मासळी निसटते. तो पडवीतून उतरत असताना आतून यशोदा म्हणाली, “अवो, मी काय म्हणतंय...”

“मगे सांग गो,” परशुराम म्हणाला आणि गेला.

परत आला तेव्हा ती चुलीपुढे पडलेली होती. अंगावरून वारे गेले होते. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे, तिन्ही एकदम गेले. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. परशुरामने मान हलवली. बांद्याला दिलेली त्यांची मुलगी अक्षया महिनाभर राहून सासरी परतली, आणि मग घरात तो आणि ते अर्धे वाक्य एवढेच राहिले. यशोदा होती, पण ती छपराकडे बघत असे. तिला काय सांगायचे होते? पूर्ण वाक्य एकदा ऐकावे, मग देवाने काय वाटेल ते करावे, इतकीच त्याची मागणी होती. गाऱ्हाणे घालून पाहिले. देवाला ऐकू गेले असेलही, पण देव त्या बाबतीत पुण्यासारखाच होता.

पावसात होड्या वर ओढल्या की वाडीच्या दुपारी मोकळ्या होतात. त्या जूनमध्ये केंद्रात नवा विषय लागला: घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर. शिकवणाऱ्या दिव्या मॅडम म्हणजे वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञ. परशुराम पहिल्या दिवशी धुतलेला सदरा घालून पहिल्या खुर्चीवर बसला. केंद्र चालवणाऱ्या रूपालीने त्याच्या हातात माईक दिला. माईक हाती आला की परशुरामची भाषा कचेरीची होत असे.

“मॅडम, आमची मंडळी बोलत नाहीत.”

“बोलताहेत की,” दिव्या मॅडम म्हणाल्या. “उलट जरा शांत बसवा त्यांना.”

“बायको, बायको!” मागून शेजारीण हौसाबाई ओरडली. “मंडळी म्हणजे तेची बायल!”

मॅडमनी मग सगळे नीट विचारून घेतले आणि म्हणाल्या, “काका, तुम्ही एकच करायचं. काकूंना विचारायचं आणि गप्प राहायचं. त्यांच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. कितीही वेळ लागू दे. कळलं?”

“व्हय म्हाराजा!” सवयीने अख्खी खोली गरजली. दिव्या मॅडम पुण्यात दचकल्या, थोड्या उशिराने.

घरी जाताना हौसाबाई म्हणाली, “परशुराम गप ऱ्हवतलो? त्यापेक्षा दर्यो आटवक सांगा म्हणाव.”

पण तो राहिला. यशोदेसमोर पाट घेऊन बसायचा, “पेज होयी?” विचारायचा आणि ओठ दाबून धरायचा. पावसाची एक सर येऊन जायची, दुसरी यायची. यशोदा त्याच्याकडे बघायची. त्याच्या तोंडाशी “होयी, होयी” यायचे, ते तो गिळायचा. पेज निवून जायची. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या तोंडाकडे इतका वेळ बघत होता. वरच्या ओठावर तिला तीळ होता. तो नवीन असावा असे त्याला वाटले. नवीन नव्हता.

मग एका बुधवारी मॅडमनी सांगितले, की अशा माणसाला नवा शब्द सुचत नसला तरी वर्षानुवर्षे तोंडात बसलेले कधीकधी आपोआप निघते. आरती, वारांची नावे, पाढे. आपण सुरुवात करायची, पुढचे त्यांच्यावर सोडायचे. पुढच्या बुधवारी परशुराम आणि भिवा तांडेलाने यशोदेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून केंद्रात आणले. मॅडमनी पडद्यावरून आरती सुरू केली. यशोदेने पडद्याकडे पाहिले, एखाद्या पाहुणीकडे बघावे तसे. वार सुरू केले. सोमवारच्या पुढे कोणी गेले नाही.

“तुमच्या घरातलं काही आहे का, काका? रोजचं?”

परशुराम उठला. नारळ नव्हता, म्हणून त्याने माईकच दोन्ही हातांत धरला.

“बा देवा म्हाराजा! ही तुझी यशोदा. हिच्या तोंडातलो शब्द खंय पडलो हा, तो तुका ठावक. जंय पडलो आसात थंयसून उचलून तिका परत दी रे म्हाराजा!”

रूपालीने ओठांवर बोट ठेवले होते. खोलीभर माणसांनी तोंडाशी आलेले उत्तर आवरले. अशी शांतता त्या वाडीत गाऱ्हाण्यानंतर कधी पडली नव्हती.

“व्हय म्हाराजा,” यशोदा म्हणाली.

तोंडाच्या डाव्या बाजूने म्हणाली, पण स्वच्छ. हौसाबाई पदर तोंडात धरून रडायला लागली. भिवाने उगाचच खुर्ची धरून ठेवली. सगळ्यांच्या टाळ्या संपल्यावर पुण्याहून टाळ्या आल्या.

पुढचे काही दिवस परशुरामच्या घरात सण होता. “चाय घेतंस?” “व्हय म्हाराजा.” “अंगार गोधडी घालू?” “व्हय म्हाराजा.” अक्षयाने बांद्याहून फोन केला, तो त्याने यशोदेच्या कानाला लावला. “आये, बरी आसस मा गो?” “व्हय म्हाराजा.” तिकडे अक्षया हुंदके देत हसली, इकडे परशुराम.

मग हौसाबाई तिला बघायला आली. “गो यशोदे, माका वळाखलंस?”

“व्हय म्हाराजा.”

“मगे सांग बघू, मी सुगंधा मा?”

“व्हय म्हाराजा.”

“शिरा पडली!” हौसाबाई म्हणाली. “परशुरामा, ही माका सुगंधा म्हणता. त्या सुगंधाचा तोंड बघलंस तू?”

परशुराम हसला. ती गेल्यावर त्याने पाट ओढला आणि इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न काढला.

“त्या दिवशी तुका काय सांगूचा होता? अक्षयाचा काय होता?”

“व्हय म्हाराजा.”

“काय घराचा? कौला बदलूची होती?”

“व्हय म्हाराजा.”

“मी काय बोललंय होतंय? राग इललो माझो?”

“व्हय म्हाराजा.”

त्याने देवळाचे विचारले, गाईचे विचारले, मेलेल्या दिराचे विचारले. ती प्रत्येकाला तितक्याच भक्तिभावाने हो म्हणाली. शेवटी त्याने घाबरत विचारले, “तुका बरा वाटत नाय होता काय गो? ता सांगूचा होता?”

“व्हय म्हाराजा,” यशोदा म्हणाली, आणि छपराकडे बघायला लागली.

शेवटच्या वर्गाला तो एकटाच गेला. माईक मागून घेतला, पण या खेपेला भाषा बदलायचे राहून गेले. “मॅडम, ती सगळ्याकच व्हय म्हणता. त्यातला खरा व्हय खंयचा, ता कसा वळाखूचा?”

रूपालीने ते पुण्याच्या मराठीतून परत सांगितले. पडद्यावर दिव्या मॅडमचे तोंड बराच वेळ स्थिर राहिले. लाईन अडकली असावी असे वाटून रूपाली उठलीसुद्धा. पण लाईन चालू होती.

“काका, ते उत्तर नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “ती जिभेची सवय आहे. मी त्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही सगळे एवढे खूश होता. आधी त्यांना नाही म्हणता येतं का, ते बघा. शब्दाने नाही तर मान हलवून, हात हलवून. ज्यांना नाही म्हणता येत नाही, त्यांचं हो धरायचं नसतं.”

“कळलं का, काका?” रूपालीने विचारले.

यावेळी खोलीतून कोणी काही म्हणाले नाही.

परशुराम घरी येऊन नाही शिकवायला बसला. स्वतः मान हलवून दाखवली. तिचा डावा हात हातात घेऊन हलवला. पेजेत मूठभर मीठ घालून वाटी पुढे केली. “बरी आसा?” “व्हय म्हाराजा.” ती प्यायलीही, आणि त्यानेच घाईने वाटी काढून घेतली. “तुझा नाव परशुराम?” “व्हय म्हाराजा.” “मी उद्या मरू?” “व्हय म्हाराजा.” यावर तो मोठ्याने हसला आणि मग तोंड धुवायला मागल्या दारी गेला.

मागल्या दारी उभा राहून तो आठवत होता. पूर्वी ती नाही कसे म्हणायची? आवाज कसा होता? शब्दाने म्हणायची, की मानेने? एक तरी नाही आठवले असते तर त्यावरून पुढे शिकवता आले असते. त्याने लग्नापासून आठवायला सुरुवात केली. अक्षयाचे स्थळ, वडिलार्जित जमिनीची वाटणी, तिच्या माहेरचे कार्य, ज्याला त्यांनी जायचे नाही असे ठरले होते. प्रत्येक वेळी ठरले होते एवढे आठवत होते.

कुंपणापलीकडे हौसाबाई भांडी घासत होती. त्याने तिला सगळे सांगितले, ते अर्धे वाक्यसुद्धा. ते त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते.

“ता?” हौसाबाई म्हणाली. “‘अवो, मी काय म्हणतंय’? ता ती रोजच म्हणायची. तू भायर पडलंस काय म्हणायची. माझ्या पडवीर आयकाक येयचा.”

“रोज?”

“रोज.”

“मगे फुडे काय म्हणायची?”

हौसाबाईने हातातले पातेले उपडे घातले. “फुडे?” ती म्हणाली. “तू थांबलंस कधी?”

त्यानंतर परशुरामने यशोदेला काही विचारले नाही. सकाळी तो पडवीत उतरायचा, पायरीवर उभा राहायचा आणि आत कान देऊन थांबायचा. होड्या पाण्यात गेल्या, गणपती झाले. रापणीवरच्या लोकांनी आधी त्याची वाट पाहिली, मग पाहायचे सोडले. आतून कधी काही आले नाही. प्रश्न नसला की यशोदेला उत्तरही नसे.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती गेली. बाराव्याला गाऱ्हाणे भिवा तांडेलाने घातले. चुकत चुकत घातले. परशुराम ऐकणाऱ्यांत बसला होता. सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते तेव्हा त्याचे तोंड मिटलेले होते, आणि बायकांच्या बाजूने कोणी पहिल्यांदा म्हणायचे हे ठरलेले नसल्यामुळे तिकडून प्रत्येक वेळी उशीर होत होता.

डिसेंबरात पुण्याहून वर्ग पूर्ण केल्याची प्रमाणपत्रे आली. परशुरामच्या घरी आले ते यशोदेच्या नावाचे होते. खुर्चीतून आणले त्या दिवशी टाळ्यांनंतर रूपाली हजेरी घेत होती, आणि हा वर्ग तुम्हीच करताय ना, असे तिने यशोदेलाच विचारले होते.