चौदा तास बर्फावर

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. आठ फूट लांब, चार फूट रुंद, आणि पोटाखाली काळ्या रंगात लिहिलेला आकडा त्र्याण्णव. माझ्यासारख्या दोनशे दहा जणी एकमेकींना अडकवल्या की बास्केटबॉलचं मैदान तयार होतं. एकटीला मला कुणी मैदान म्हणत नाही. एकटी मी नुसती फळी.

माझं लाकूड मेपलचं. उत्तर मिशिगनच्या थंडीत ही झाडं फार सावकाश वाढतात, म्हणून त्यांचं लाकूड घट्ट असतं. कारखान्यातून मी थेट मोठ्या शहरात, मोठ्या क्लबच्या सभागृहात गेले. बारा वर्षं तिथे होते. वीस हजार माणसं माझ्याकडे बघत बसायची. मग क्लबला नवा रंग, नवं चिन्ह हवं झालं. आम्हाला तासून, नवा रंग फासून एका मालमोटारीत भरलं आणि तीन तासांच्या अंतरावरच्या हार्लन फोर्ड या गावी पाठवून दिलं.

तिथे हेरॉन्स नावाचा संघ होता. मोठा क्लब असा एक लहान संघ पदरी बाळगतो. वर कुणी जायबंदी झालं की इथून एकाला उचलायचं, गरज संपली की परत आणून सोडायचं. खेळाडू ज्या रस्त्याने वर जाण्यासाठी जिवाचं रान करत, त्याच रस्त्याने मी खाली आले होते. मला ते कुणाला सांगता आलं नाही, हे एका परीने बरंच झालं.

वरून बोलावणं आलं की हेरॉन्समध्ये एक रीत होती. जाणारा मधल्या वर्तुळात उभा राहायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती पाय आपटायचे. शब्द नाही, टाळ्या नाहीत. चौदा जणांचे पाय. ते आमच्या अंगातून आरपार जायचं. सात वर्षांत मी ते अकरा वेळा अनुभवलं. क्विन्सी टोलिव्हर आल्यापासून दर वेळी पाय आपटणाऱ्यांतच होता.

क्विन्सी सत्तावीस वर्षांचा होता, हेरॉन्समध्ये चौथं वर्ष. उंची या खेळाच्या मानाने कमीच, पण नेम असा की चेंडू जाळीला शिवल्याचा आवाजही जेमतेम यायचा. तीन वेळा त्याला सांगितलं गेलं होतं की पुढचा नंबर तुझा. तीनही वेळा दुसरं कुणीतरी गेलं.

आम्हाला घालण्या-उचलण्याचं काम रेनो कोस्किननचं. त्रेसष्ट वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. हार्लन फोर्डचं सभागृह मुळात बर्फावरच्या हॉकीचं. बर्फ हिवाळाभर तसाच राहतो. त्यावर रेनो आणि त्याचे तीन गडी आधी काळे, जाड पुठ्ठ्यासारखे तक्ते अंथरत आणि त्यावर आम्हाला क्रमाने बसवत. अडीच तासांचं काम. सामना सातला असला की रेनो दुपारी एकनंतरच हात घालायचा. लाकूड बर्फावर सहा तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हा त्याचा नियम होता. तक्ते गारठा अडवत नाहीत, फक्त उशिरा पोहोचू देतात. लाकूड फार गार झालं आणि हवा दमट असली, की थंड सरबताच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं ते लाकडालाही सुटतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी रेनो सभागृहाच्या मागच्या बाकावर पॅस्टी खात बसला होता. पॅस्टी म्हणजे मांस आणि बटाटा भरलेली तळहाताएवढी करंजी. आम्ही शेजारीच थप्पी लावून ठेवलेल्या. क्विन्सी येऊन त्याच्यासमोर उभा राहिला.

“म्हाताऱ्या, उद्या वरचा माणूस येतोय.”

“कुणाला बघायला?”

“तुला तर नक्कीच नाही. त्यांच्या एका गार्ड खेळाडूचं बोट मोडलंय. दहा दिवसांच्या करारावर माणूस हवाय. कोचने मला स्वतः सांगितलं.”

“मग मी काय करू? आणखी कुणाचं बोट मोडू?”

क्विन्सी हसला, पण बसला नाही. “मैदान उद्या पहाटे घाल. मला सकाळी पाचशे वेळा नेम धरायचाय. शाळेच्या जिममधली रिंग सैल आहे, तिथे सराव करून हात बिघडतो.”

“मी दुपारी घालतो. तुला माहीत आहे.”

“नियम कुणाचा?”

“माझा.”

“मग तूच म्हण की, एकदा चालेल.”

रेनोने पॅस्टीचा कागद नीट चौकोनी दुमडला. बाहेर उणे तीन होतं, हवा कोरडी ठणठणीत. ऊब रविवारी येणार, असं रेडिओ सांगत होता.

“पाचला घालतो,” तो म्हणाला. “आठला ये. आणि बूट पुसून ये. मागच्या वेळी अर्धा रस्ता घेऊन आला होतास.”

मित्रांनो, रेनोच्या हातून तेवीस वर्षांत झालेली ही एकच चूक. ती त्याने आळसाने केली नाही, पैशासाठी केली नाही. एका माणसाला त्याची पाळी मिळावी म्हणून केली.

सकाळी क्विन्सी आला. पाचशे म्हणाला होता, सहाशे वीस वेळा चेंडू फेकला. रेनो चेंडू वेचून देत होता. “डावा खांदा पडतोय,” एवढंच एकदा म्हणाला. क्विन्सीने खांदा सावरला.

ऊब मात्र रविवारची वाट बघत थांबली नाही. शनिवारी दुपारीच दक्षिणेचा वारा सुटला. दोन वाजता बाहेर अठरा अंश होते आणि रस्त्यावरचा बर्फ वितळून पाणी वाहत होतं. त्या दिवशी शाळकरी मुलांच्या कुटुंबांना प्रवेश मोफत होता. चार हजार माणसं ओले बूट घेऊन आत आली. प्रत्येकाचा श्वास दमट. आणि आम्ही पहाटेपासून बर्फावर पडून होतो. सहाच्या सुमाराला माझ्या पाठीवर पाण्याचा पहिला पापुद्रा आला. तो डोळ्यांना दिसत नाही. पायाला कळतो.

सामन्याआधी सराव करताना क्विन्सीचा पाय माझ्यावरून इंचभर सरकला. त्याने तोल सावरला आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. रेनोने पाहिलं होतं.

रेनो गुडघ्यांवर बसला. टॉवेलने मला पुसून कोरडं केलं आणि घड्याळ बघत राहिला. चार मिनिटांनी त्याने तळहात टेकवला. तळहात ओला झाला. त्याने आणखी तीन ठिकाणी तसंच करून पाहिलं. सगळीकडे चार मिनिटं. आम्हाला उचलून पुन्हा घालायचं तर मध्यरात्र झाली असती.

संघाचा व्यवस्थापक व्हिटॉक धावत आला. “काय चाललंय? लोक बघतायत.”

“पाणी सुटतंय.”

“मग पुसा! दर विश्रांतीला पुसा. दहा जण देतो तुला टॉवेल घेऊन.”

“विश्रांती बारा मिनिटांनी येते,” रेनो म्हणाला. “पाणी चार मिनिटांनी.”

मुख्य पंच डोनेलीबाई जवळ आल्या. त्यांनी बुटाची टाच माझ्यावर घासून पाहिली. “मला काही ठरवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “बर्फ मला कळत नाही. कोस्किनन, बर्फ तुम्हाला कळतो. खेळवू की नको, तुम्ही सांगा. पाच मिनिटं देते.”

त्या पाच मिनिटांत क्विन्सीने रेनोला रिंगखाली गाठलं. मी तिथेच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“‘चालेल’ म्हण.”

“घसरशील, पोरा.”

“गुडघा माझा आहे.”

“मैदानावर दहा जण असतात. वीस गुडघे.”

“तो बघ. राखाडी जॅकेटवाला, तिसरी रांग. सामना नाही झाला तर उद्या तो दुसऱ्या गावी दुसरा कुणीतरी बघेल. मी सत्तावीसचा झालोय, रेनो. पुढच्या वर्षी माझ्याकडे बघायला कुणी येणार नाही. तुलाही माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग एक शब्द. फुकट आहे.”

रेनोच्या हातात तो ओला टॉवेल होता. तो त्याने पिळला. माझ्यावर पाण्याची धार पडली. मग तो डोनेलीबाईंकडे चालत गेला आणि म्हणाला, “नाही.”

व्हिटॉकने ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की मैदान जुनं झाल्यामुळे सामना रद्द होत आहे. चार हजार माणसांनी मला शिव्या घातल्या. एकाने आइस्क्रीमचा कप भिरकावला. मी जुनी होते हे खरं, पण त्या दिवशी मी नवी असते तरी ओलीच झाले असते. राखाडी जॅकेटवाल्याने वही मिटली आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीला पुढच्या गावाचा रस्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी त्या गावी एकवीस वर्षांच्या एका मुलाने एकोणतीस गुण केले. सोमवारी त्याला बोलावणं गेलं. दहा दिवसांसाठी गेलेला तो मुलगा वर तीन वर्षं राहिला.

मंगळवारी रेनो आम्हाला घालत होता, दुपारी एकनंतर. क्विन्सी त्याच्याजवळ आला.

“माझ्यासाठीच पहाटे उठलास ना?” तो म्हणाला. “आणि माझंच काढून घेतलंस. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याचं तोंड फोडलं असतं. तुझं काय करू, ते मला कळत नाही.”

रेनो म्हणाला, “पहाटे घालायला नको होतं.”

“हो. नको होतं.”

एवढंच. रद्द झालेला सामना दोन आठवड्यांनी झाला. तीनशे माणसं होती. क्विन्सीने एकतीस गुण केले, एकदाही पाय सरकला नाही. वरून कुणी आलं नव्हतं. एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि तो एक पिशवी घेऊन निघून गेला. रेनो तेव्हा आम्हाला मालखान्यात रचत होता. क्विन्सी त्याच दारावरून गेला, आत डोकावला नाही. पुढे तो दोन वर्षं परदेशात खेळला आणि आता बहिणीच्या गावी एका गोदामात काम करतो, असं गडी बोलत होते. रेनोने त्याला एक पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

‘जुनं मैदान’ हे शब्द वर्तमानपत्रात छापून आल्यामुळे व्हिटॉकला वरच्या क्लबकडून नवं मैदान मिळालं. आम्हाला एका चर्चच्या सभागृहाला देऊन टाकलं. इथे खाली बर्फ नाही, काँक्रीट आहे. मुलं खेळतात, सरबत सांडतात, कुणी पुसत नाही. माझ्या दोन कडा फुगल्या आहेत.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की रेनोचं बरोबर होतं, हे मी ठामपणे सांगेन. मला ते सांगता येत नाही. त्या संध्याकाळी कुणी पडलं नाही, कारण कुणी खेळलंच नाही. मोडलेला गुडघा दाखवता येतो. न मोडलेला गुडघा कुणाला दाखवणार? कदाचित क्विन्सी पडला नसता. कदाचित एकतीस गुण त्याच दिवशी झाले असते. माझ्या पाठीवर पाणी होतं, एवढंच मला नक्की माहीत आहे.

म्हणून माझं मागणं लहान आहे. ज्या जमिनीवर तुम्ही धावता, ती कोरडी ठेवा. आणि ती जमीन रोज हाताळणारा माणूस ‘नाही’ म्हणाला तर थांबा. त्याच्यावर चिडा, हवं तर जन्मभर बोलू नका त्याच्याशी. पण थांबा. तो कुणाचं काय वाचवतो, हे ना तुम्हाला कधी कळणार, ना त्याला.