गिरणीचा खोकला आणि शेवंतीचा हात

मंडळी, खोकला कुणाच्या घरात नसतो? पण भिकाजी परबाचा खोकला निराळाच. असल्फ्याच्या डोंगरावरच्या चाळीत पहाटे पाचाला तो खोकायला लागला की कोंबडे आरवायचे विसरत आणि खाली बसच्या थांब्यावरची माणसं घड्याळं लावून घेत. यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मंही पुष्कळ आहे.

तीस वर्षं भिकाजीने गिरणीच्या साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात काढली होती. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणी सुटली, खोकला तेवढा बरोबर आला. कोणी काही बोललं की छाती ठोकून म्हणायचा, "ह्यो कापसाचो खोकलो! दोन गादये भरतीत इतको कापूस असा माझ्या छातीत. ह्यो कोणाक लागणा नाय!" चाळीतल्या साऱ्या गिरणीवाल्यांना ते पटत असे. गिरणीचा खोकला म्हणजे नोकरीचं प्रशस्तिपत्रक. ते घेऊन डॉक्टरकडे कोण जातो?

एक गोष्ट मात्र भिकाजी कोणाला सांगत नव्हता. गणपती झाल्यापासून त्याच्या थुंकीत लाल दिसू लागलं होतं. पहिल्या दिवशी तो मोरीत उभ्या उभ्या थिजला. शिवडीच्या टीबीच्या इस्पितळात पाठवतील, भांडी वेगळी करतील, नात जवळ येऊ देणार नाहीत, हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने जन्मात पहिल्यांदा पान खायला सुरुवात केली. पानाच्या लालीत दुसरी लाली कोण शोधतो!

"मामंजी, म्हातारपणी शौक सुचले वाटतं?" सून मंजुळा हसली. भिकाजीही हसला. हसता हसता खोकला आला, तेव्हा त्याने पाठ फिरवली.

संध्याकाळी त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चाळीतली पोरं जमत. वारा बाधतो म्हणून खिडकी बंद, आणि भिकाजी थापा मारायला मोकळा. माहुलच्या खाडीत त्याने म्हणे एवढा मोठा जिताडा धरला होता, की पोट चिरलं तर आत अख्खी बेस्टची बस, कंडक्टरासकट! आणि कंडक्टर काय म्हणाला? तर "पुढे चला, पुढे चला!" चार वर्षांची नात शेवंती मांडीवर बसून ऐकायची, शेजारच्या अनंताचा धाकू पायाशी.

दिवाळीच्या सुमारास धाकूच्या शाळेत टीबी तपासायची सुई टोचली. तिसऱ्या दिवशी त्याच्या हातावर सुपारीएवढी गाठ आली आणि चाळीची वाट लागली. नळावर अनंताच्या बायकोची घागर आपोआप शेवटी जाऊ लागली. पोरांना त्यांच्या दारावरून जायची बंदी झाली. भिकाजी तर सगळ्यांत शहाणा! म्हणाला, "धाकू, तू आता दाराभायर बसून आयक रे." पोरगं उंबऱ्याबाहेर बसून ऐकू लागलं. पोराचा हात साऱ्यांनी पाहिला. म्हाताऱ्याचा खोकला रोज ऐकून कोणी ऐकला नाही.

मग शेवंतीला गोवर आला. गोवर गेला, पण पोर उठली नाही. संध्याकाळ झाली की अंग कोमट. भात समोर ठेवला की मान फिरवायची. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला. शेवटी मंजुळेने तिला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मृणालिनीबाईंनी तिलाही तीच सुई टोचली आणि तीन दिवसांनी बोलावलं.

ते तीन दिवस भिकाजीला तीन वर्षांसारखे गेले. तासातासाला तो शेवंतीचा हात उजेडात धरायचा, बोटाने चाचपायचा.

"आजोबा, गुदगुल्या होतात!" ती म्हणायची.

"गप गो बाय, बघूंदे." आरवलीच्या वेतोबाला त्याने केळ्यांचा घड बोलला. मनात एकच: गाठ आली तर ती माझ्यामुळेच!

तिसऱ्या दिवशी हात सपाट! भिकाजीने गॅलरीभर साखर वाटली. "परबांचा रगत असा ह्या!" धाकूच्या आईने मुकाट्याने चिमूटभर साखर घेतली आणि आत गेली.

दवाखान्यात भिकाजी पान चघळत ऐटीत गेला. बाईंनी शेवंतीच्या हातावर मोजपट्टी ठेवली.

"काहीच नाही?"

"काय्येक नाय!"

"हेच मला आवडलेलं नाही."

मंजुळा घाबरली. "म्हणजे काय हो बाई? गाठ नाही म्हणजे चांगलंच ना?"

बाई भिकाजीकडे वळल्या. "आजोबा, गिरणीत होता ना? आग लागली की काय व्हायचं?"

"भोंगो वाजायचो."

"आणि भोंगा वाजवणाराच निजला असेल तर? आग नाही म्हणून घरी जायचं?"

भिकाजीचं चघळणं थांबलं.

"या सुईतून आम्ही टीबीच्या जंतूचा अर्क अंगाला फक्त ओळख पटवायला देतो. ज्या अंगाची त्या जंतूशी आधी गाठ पडलीय ते खवळतं, हात फुगतो. तुमच्या शेजारचा धाकू माझ्याकडेच येतो; त्याचा हात फुगला. त्याचं अंग जागं आहे. छातीचा फोटो स्वच्छ आला, गोळ्या घेतोय, बरा राहील. पण गोवराने खंगलेल्या पोराचं अंग कधी कधी निजून जातं. आग आत धुमसते आणि भोंगा मुका! हिचा फोटो आजच काढायचा."

दुपारी फोटो आला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला. उजव्या बाजूला पांढुरका डाग होता. मंजुळेने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"लहान पोरांकडून हा रोग सहसा पसरत नाही. त्यांना तो मोठ्यांकडून मिळतो. घरात खोकतं कोण?"

"मामंजी खोकतात," मंजुळा खाली बघत म्हणाली. "पण तो गिरणीचा खोकला. कापसाचा."

बस्स! सून स्वतःच्या तोंडाने सुटकेचं दार उघडून देत होती. भिकाजीने नुसती मान हलवायची होती. आयुष्यभर हजार थापा मारल्या, त्यात आणखी एक! त्याने शेवंतीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे हात पसरून "मांडीवर घे" म्हणत होती.

भिकाजी उठला. नळाशी जाऊन पान थुंकलं. तीनदा खळखळून चूळ भरली. मग नर्सबाईंकडून पांढऱ्या कापसाचा बोळा मागून घेतला, कोपऱ्यात पाठ करून त्यावर खोकला आणि तो बाईंपुढे धरला.

"बघा बाय. पान थुकून इलंय, तरी लाल असा. चार म्हयने लपवलंय मी. माझ्याच मांडयेर बसान ऐकी होती गो ही! आणि त्या धाकूक मी दाराभायर बसवलंय!"

म्हातारा ढसाढसा रडला.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, रोग कोणालाही होतो. त्याची लाज धरून गप्प बसलात, त्याने घात केला. आता दोघांनी गोळ्या घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. भांडी वेगळी नकोत. खोकताना तोंडावर फडका आणि खिडकी सताड उघडी! पहिले काही आठवडे मात्र पोरं लांब."

त्याच संध्याकाळी भिकाजी अनंताच्या दारात उभा राहिला. उंबऱ्याबाहेरच. "अनंता, धाकूक ह्या माझ्यापासून झाला असतला. चाळीतल्या सगळ्या पोरांका उद्या दवाखान्यात नेऊक व्हया."

अनंता म्हणाला, "काका, ही पण थापच असती तर बरं झालं असतं." धाकूच्या आईने मात्र पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला. चाळीने जे तिला दिलं नव्हतं, ते तिने दिलं.

चार महिन्यांनी शेवंतीचा फ्रॉक पुन्हा खांद्यावर बसला. बाईंनी पुन्हा सुई टोचली, आणि तिसऱ्या दिवशी हात टम्म फुगला, सुपारीएवढा! भिकाजी खोका घेऊन दारोदार पेढे वाटत सुटला. "भोंगो वाजलो रे, भोंगो वाजलो!" नवीन भाडेकरू म्हणाला, "पोरीचा हात सुजला आणि म्हातारा पेढे वाटतो?"

वाटेल तर काय! पोरीचं निजलेलं अंग जागं झालं होतं. तर मंडळी, तुमच्या घरात दोन आठवड्यांहून जास्त कोणी खोकत असेल, तर त्या खोकल्याला गिरणीचं, विडीचं, हवेचं नाव देऊन गप्प बसू नका. दवाखान्यात न्या. हात फुगलेल्या पोराला दाराबाहेर बसवू नका, आणि सपाट हात बघून साखर वाटायची घाई करू नका. भिकाजीच्या गोष्टी आता उघड्या गॅलरीत चालतात. धाकू पहिल्या रांगेत असतो, आणि जिताड्याच्या पोटातल्या बसच्या सगळ्या खिडक्याही उघड्या असतात.