तिसरी हाक

भागवतचा हात चपळ आणि सुदर्शनचं अंग चिवट. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीतल्या गेम झोनमध्ये या जोडीपुढे टिकणारं कोणी नव्हतं. दोघं शिरूर अनंतपाळचे, एकाच खोलीत राहणारे, आणि घरच्यांच्या समजुतीप्रमाणे डॉक्टर व्हायला आलेले.

खेळ पडद्यावरच्या मारामारीचा. जोडीतला एक पैलवान मैदानात, दुसरा कडेला. मैदानातला जितका मार खाईल तितकी वरची लाल पट्टी भरत जायची. ती भरली की कडेचा उडी घ्यायचा आणि दोघं मिळून जोडघाव घालायचे. घाव बसला की हाडं मोडल्याचा आवाज यायचा, आणि पोरांचा सगळा जीव त्या आवाजात. घाई केली तर मात्र पट्टी रिकामी आणि घाव वाया.

मार खायचं काम सुदर्शनचं, घाव घालायचं भागवतचं. वेळ आली की सुदर्शन हाक द्यायचा. पण शेजारी बसलेले विरोधीही ती ऐकत, म्हणून या दोघांनी युक्ती काढली होती. पहिल्या दोन हाका खोट्या. समोरचे दोनदा उगाच ढाल धरून बसत, तिसऱ्यांदा गाफील राहत आणि हमखास सापडत.

रविवारी दुपारच्या स्पर्धेत नांदेडचा आनंदराज आणि त्याचा मावसभाऊ असेच सापडले. आनंदराजला ते फार झोंबलं. ही लबाडी आहे, हिंमत असेल तर बाहेर या, म्हणाला. सुदर्शनने निमूट खोलीवर जायचं की नाही! पण जिंकलेल्याच्या अंगात वारं भरतं. तो हसत हसत मागच्या पार्किंगमध्ये गेला.

पहिल्याच बुक्कीत त्याचा दात तुटला. मावसभावाने त्याचे हात मागून आवळले आणि आनंदराज बरगड्यांवर गुडघे घालू लागला.

"ये," सुदर्शन ओरडला.

भागवत मोटारसायकलींच्या रांगेपाशी उभा होता. तो घाबरला नव्हता, एवढं खरं. खिशात त्याचा अंगठा बटण दाबायला आपोआप वळवळत होता. ही पहिली, त्याने मनात म्हटलं. मित्राच्या तोंडातून रक्त वाहतंय आणि हा गाढव हाका मोजतोय!

"भागवत, ये रं!" आता आवाज चिरका झाला होता. ही दुसरी.

मग आनंदराजची लाथ पोटात बसली आणि सुदर्शनचा श्वासच कोंडला. तोंड उघडं, पण आवाज नाही. भागवत वाट पाहत राहिला. लाथा पडत राहिल्या. मावसभावाने हात सोडले तसा सुदर्शन कोसळला, कपाळ पायरीच्या कडेवर आपटलं आणि फरशीवर रक्त पसरलं. ते बघून मावसभाऊ पळाला. आनंदराजची पाचावर धारण बसली. त्याने खाली बसून सुदर्शनचं डोकं मांडीवर घेतलं आणि जखमेवर रुमाल दाबला.

तेव्हा कुठे भागवत हलला. एका गाडीवरचं हेल्मेट उचलून धावत आला आणि ते आनंदराजच्या डोक्यात घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. पडद्यावरच्यासारखा तो मुळीच नव्हता, ओला आणि बारीक होता. भागवतने पुन्हा घातलं, आणि पुन्हा. शेवटी वॉचमनने त्याला मागून मिठी मारून ओढलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भागवतला तपासणीसाठी त्या दोघांना ठेवलेल्या दवाखान्यातच आणलं. तिथल्या हवालदाराच्या हातापाया पडून त्याने मित्राला भेटायची परवानगी मिळवली. आनंदराज अजून शुद्धीवर नव्हता. सुदर्शनचा जबाब मात्र दुपारी होणार होता, आणि भागवतची सगळी भिस्त त्याच्यावर होती. आनंदराज मारतच होता असं सांग, मी तुला वाचवायला आलो असं सांग, अशी त्याने गयावया केली.

"त्यो मला उठवत व्हता," सुदर्शन सुजलेल्या ओठांतून म्हणाला. "डोळे उघड म्हणत व्हता. जे हाय तेच सांगीन."

भागवत रडायला लागला. दोनच हाका झाल्या होत्या, मी तिसरीसाठी थांबलो, म्हणाला.

सुदर्शनने त्याच्याकडे मान वळवली. "मार खातानी कोण खोटी हाक मारतं रं?"

मग त्याने कूस बदलली, आणि हवालदाराने भागवतला दंडाला धरून बाहेर नेलं.