जिन्याखालच्या दोन खुर्च्या

"चार मिनिटं दहा सेकंद," मोबाइलवरचं घड्याळ थांबवत मुरलीधर म्हणाला. "कालच्यापेक्षा वीस सेकंद सुधारणा."

"मेडल द्या," वॉकरवर रेलून नीना म्हणाली. खुब्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. पुढच्या खोलीतल्या पलंगापासून जिन्याखालच्या कपाटापर्यंत बावीस पावलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, टॉर्नेडोशी शर्यत लावायला नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये मुरलीधरनं एकतीस वर्षं काढली. वस्तू संपायच्या आधी मागवायची, एवढंच काम. रिटायर झाल्यावर मागवायला काही उरलं नाही, म्हणून तो संकटं मागवू लागला, असं नीना म्हणे. पण मागच्या हिवाळ्यात शेजारच्या गावात एका घराची पुढची काच टॉर्नेडोच्या वाऱ्यानं आत आणली होती. नीनाचा पलंग तशाच काचेखाली होता.

"बाबा, सीरियसली? हे कॉव्हेंट्री आहे, अमेरिका नाही," रीडिंग शहरातून वरदा फोनवर म्हणाली. "अँड इट्स डिसेंबर!"

"डिसेंबर म्हणूनच. अटलांटिकवरून उबदार, दमट हवा येते. मागून थंड हवेची फळी तिच्याखाली घुसते. दोन्हीकडचे वारे वेगळ्या दिशांचे. घासतात तिथं हवा गरगरते, वर ओढली गेली की भोवरा बारीक होतो आणि पिसाटतो. उन्हाळ्यातलं निदान लांबून दिसतं तरी. हे पावसात दडून मोटरवेच्या स्पीडनं येतं. भोंगा नाही, काही नाही. मिनिटभर मिळालं तर नशीब."

"आणि आईला चार लागतात," वरदा म्हणाली. या वेळी ती हसली नव्हती.

शनिवारी हवामान खात्याची वादळाची यलो वॉर्निंग आली. मुरलीधरनं बागेतल्या कुंड्या आत घेतल्या, फोन चार्ज केले. कपाटात टॉर्च, रेडिओ, दोघांचे बूट, वरदाचं जुनं सायकलचं हेल्मेट आणि एक खुर्ची ठेवली. टॉर्च लावून पाहिला आणि तसाच चालू ठेवला.

"एकच खुर्ची? तुमचं काय?"

"मी बाहेरून दार धरीन."

"दार धरायला हे काय लिफ्ट आहे? दुसरी खुर्ची ठेवा."

दुसरी ठेवायची तर सामान काढणं आलं. इंडियाला जायच्या तीन बॅगा, व्हॅक्यूम क्लीनर, नीनानं धुऊन ठेवलेले आइसक्रीमचे रिकामे डबे. मोजायचा मोह स्टोअर्सवाल्यानं आवरला. सगळं पॅसेजमध्ये रचून त्यानं दुसरी खुर्ची आत सरकवली. दोघं मावत होते. इतकं समाधान त्याला निवृत्तीच्या समारंभातही झालं नव्हतं.

साडेतीनला अंधारून आलं. पाऊस एकदम आडवा झाला. कानांत दडे बसले आणि विमान गल्लीत वळावं तसा आवाज आला.

"ऊठ!"

ती उठली. वॉकर दारातून पॅसेजमध्ये आला आणि बॅगेला अडला. मुरलीधरनं एक बॅग ढकलली, ती दुसरीवर आदळली. डबे घरंगळले. त्यानं पलीकडे पाहिलं. कपाट चार हातांवर होतं. एकट्याला उडी मारून जाता आलं असतं.

"तुम्ही जा आत," नीना म्हणाली. "अहो, जा ना!"

त्यानं मागे वळून खोलीचं दार लावलं, तिला बॅगेवर बसवलं, अंगातला कोट काढून तिच्या डोक्यावर टाकला आणि पाठ दाराला लावून तिला कवेत घेतलं. घर कण्हलं. दारापलीकडे काच फुटली, दार त्याच्या पाठीवर धडधडलं.

मग नुसता पाऊस उरला. मोबाइल वाजत होता. वरदा असणार.

"लागलं का तुला?"

"नाही," कोटातून आवाज आला. "तुम्हाला?"

"नाही," तो म्हणाला. समोरच्या उघड्या कपाटात त्यानं खुर्च्या शेजारी शेजारी अगदी नीट मांडल्या होत्या. त्यांच्यावर टॉर्चचा उजेड पडला होता.

"सेल जातील," कोटातून डोकं बाहेर काढत नीना म्हणाली. "बंद करा तो."

"करतो," मुरलीधर म्हणाला. त्याचे हात अजून सुटत नव्हते.