मी, डॉक्टरीणबाईंच्या हनुवटीवरची पुटकुळी

मित्रांनो, मी एक जुनी पुटकुळी आहे. लगेच नाक मुरडू नका. नाकावर माझी एक मावसबहीण राहते, तिला लागेल.

पुस्तकात आमचं नाव 'तारुण्यपीटिका' असं भारदस्त छापलेलं असतं. पण माझी मालकीण सदतीस वर्षांची. त्यामुळे मी उगवले तेव्हा तिला पहिला प्रश्न हाच पडला, की तारुण्य गेलं आणि पीटिका तेवढ्या राहिल्या, हा कुठला न्याय? कॉलेजात असताना तिच्या कपाळावर आमच्या घराण्यानं चांगला संसार थाटला होता. पुढे सगळ्या पांगल्या. तिला वाटलं, सुटले बाई. आणि एका सकाळी लिफ्टच्या आरशासमोर तिनं मान वर केली, तर हनुवटीच्या डाव्या बाजूला मी! लाल, टपोरी, उगवत्या सूर्यासारखी. म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं.

माझा जन्म काही राजवाड्यात झाला नाही. कातडीला बारीक भोकं असतात, त्यातून तेल पाझरतं. त्यातलं एक बुजलं, तेल आत अडकलं, जंतूंनी मुक्काम ठोकला, आजूबाजूची कातडी रागानं फुगली, आणि झाले मी. मालकिणीनं कुणाचं वाईट केलं नव्हतं. तोंड धुवायचाही तिला कधी आळस नव्हता. तरी मी आले. आम्ही आमंत्रणाची वाट बघत नाही.

मालकीण दातांची डॉक्टर. दिवसभर तिच्या तोंडावर मास्क. त्या मास्कची कड नेमकी माझ्या डोक्यावर घासायची. मला ते छप्पर वाटायचं, आणि तिला लपायची जागा. दोघींचीही सोय झाली. पेशंट गेला तरी ती मास्क काढेना. जेवायचा डबा एक्स-रेच्या खोलीत नेऊन, दार लावून, भिंतीकडे तोंड करून खाऊ लागली. रिसेप्शनवरच्या मावशींनी एकदा विचारलंच, "मॅडम, डब्यात असं काय आणता, की आम्हाला वासही द्यायचा नाही?"

आता तुम्ही म्हणाल, एका पुटकुळीपायी एवढं? मित्रांनो, ते तिला सांगा. मी तांदळाच्या दाण्याएवढी होते, पण तिला वाटायचं की आधी मी खोलीत शिरते आणि मागून ती येते.

आणि त्यात कवळीवाले होते.

कवळीवाले म्हणजे लॅबमधून कवळ्या आणि कॅप बनवून आणणारे गृहस्थ. चाळिशीचे, उंच, एकटे. बोलताना हातातला डबा छातीशी धरायचे, जणू त्यात दात नसून अंडी आहेत. डबा दिला, नवी मापं घेतली, की जाताना दारात थबकायचे आणि विचारायचे, "डॉक्टर, चहा घेऊया?"

मालकिणीला चहा हवा असायचा. कवळीवाले तर चहाहून जास्त हवे असायचे. हे मला ठाऊक, कारण तो प्रश्न आला की हनुवटीकडे रक्त असं धावायचं की मी दुप्पट लाल व्हायचे. पण चहा प्यायचा तर मास्क काढायला हवा. म्हणून ती म्हणायची, "नंतर." ते म्हणायचे, "बरं." असं किती वेळा झालं, मोजदाद नाही.

एकदा मात्र तिनं हिय्या केला. कप घेतला, मास्कच्या खालून प्लास्टिकची नळी आत सरकवली आणि ओढला घोट. चहा उकळता. नळी मऊ पडून वळली आणि त्या वाफाळत्या चहाची धार थेट माझ्या डोक्यावर! मालकीण "आई गं!" करून उठली, कप उलटला, आणि कवळीवाल्यांच्या डब्यातली वरची कवळी चहात न्हाली. बिचारे म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. तिला तरी मिळाला."

घरी उपचार जोरात चालू होते. फोनवर आई.

"मनी, बटाट्याची चकती लाव."

"लावली गं."

"लिंबू?"

"आग आग झाली."

"म्हणजे लागू पडतंय! अजून लाव."

लिंबू झालं, बर्फ झाला, मध झाला. मधानं उशीचा अभ्रा गालाला चिकटला आणि ती अभ्र्यासकट दार उघडायला गेली. दूधवाला दोन पावलं मागे सरला. मी जागची हलले नाही.

मग कुणीतरी सांगितलं, टूथपेस्ट लावा. झालं! दातांच्या डॉक्टरला टूथपेस्टची काय कमी? कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांच्या नळ्यांनी तिचा खण भरलेला. तिनं त्यातली सगळ्यात झणझणीत पुदिन्याची काढली आणि दुपारच्या सुट्टीत माझ्यावर भला मोठा गोळा थापला. वर मास्क. लगेच पुढचा पेशंट आत.

पेशंट म्हणजे शेजारच्या बँकेतले साहेब. त्यांच्या हिरडीत इंजेक्शन देऊन झालं होतं, जीभ अर्धी बधिर. मालकीण त्यांना दात कसे घासायचे ते जीव तोडून समजावत होती. बोलताना हनुवटी हलत होती, मास्कच्या आत घाम आणि वाफ, आणि त्यात ती पेस्ट घुसळली जात होती. मला पुढचं दिसत होतं, पण सांगणार कुणाला? मास्कच्या खालच्या कडेनं पांढरा फेस हळूच बाहेर आला. साहेबांनी वर बघितलं. डॉक्टरच्या तोंडाला फेस! हातात टोकदार अवजार!

"फेश!" साहेब ओरडले. "डॉक्टलला फेश आला!"

गळ्यातल्या हिरव्या रुमालासकट ते खुर्चीतून उठले, मावशींच्या टेबलावरून जवळजवळ उडी मारून गेले आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबले. त्यांना परत आणायला मावशींना जावं लागलं. "या साहेब," मावशी म्हणाल्या, "चावत नाहीत त्या. आजपर्यंत तरी नाही."

त्या पेस्टनं माझं काय झालं म्हणता? मी भाजले. माझ्याभोवतीची कातडी सोलली. आणि रागारागात मालकिणीनं त्या संध्याकाळी जे केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. जी बाई पेशंटच्या तोंडात बोट घालण्याआधी हात घासघासून धुते, जी प्रत्येक अवजार वाफेत उकळून घेते, तीच बाई आरशासमोर उभी राहिली आणि दात टोकरायच्या आकड्यानं मला फोडू लागली. मित्रांनो, फोडलं की आम्ही संपत नाही. आम्ही आत पसरतो. आठवडाभरात माझ्या शेजारी दोन धाकट्या बहिणी राहायला आल्या. आणि त्यांच्यावरही रोज रात्री तीच पुदिन्याची पेस्ट.

आता मालकीण कवळीवाल्यांसमोर यायचीच बंद झाली. डबा मावशींनी घ्यावा, मापं मावशींनी द्यावीत. एके दिवशी ते दारातच मावशींशी बोलत होते. मालकीण आतल्या दाराआड उभी, म्हणून मीही ऐकलं.

"मावशी, पुढच्या महिन्यापासून डबा कुरिअरनं पाठवीन म्हणतो."

"का हो? पाय दुखतात?"

"पाय नाही. मी आलो की डॉक्टर आत जातात. माणसानं किती दिवस न कळल्यासारखं करायचं?"

दाराआड मालकिणीनं मास्क दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला. बाहेर जावं, दोन शब्द बोलावेत, एवढंच करायचं होतं. तिचे पाय हलले नाहीत. माझ्यामुळे.

खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या मोठेपणाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एक बसचालक काका आले. गाल सुजलेला, हिरडीवर पांढरा भाजका चट्टा. दाढ दुखते म्हणून त्यांनी शेजाऱ्याच्या सल्ल्यानं डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर दाबून ठेवली होती. मालकीण कडाडली.

"काका, एवढे दिवस काय करत होता? दाढ दुखते तर दाढेच्या डॉक्टरकडे यायचं सोडून शेजाऱ्याचं ऐकलंत?"

काका गाल धरून म्हणाले, "लाज वाटत होती हो. इतकी किडलेली, तुम्ही बघाल आणि काय म्हणाल!"

"मी काय म्हणणार? माझं कामच आहे ते! दुखणं लपवलं की कमी होतं का? आणि तुमची एकट्याचीच दाढ किडते असं वाटतं का तुम्हाला?"

हे बोलली आणि तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले. हातमोज्याचं एक बोट वर उचललेलं तसंच राहिलं. काकांना वाटलं, डॉक्टर फारच चिडल्या. "चुकलं माझं," ते पुटपुटले.

"नाही काका," ती हळूच म्हणाली, "तुमचं एकट्याचं नाही."

त्याच आठवड्यात ती कातडीच्या डॉक्टरकडे गेली. त्या बाई ठेंगण्या, चष्मा डोक्यावर, बोलणं तिखट. त्यांनी मला दिव्याखाली धरलं आणि वास घेतला.

"पुदिना?"

मालकीण जमिनीकडे बघायला लागली. "टूथपेस्ट लावली होती. बऱ्याचदा."

"तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? मी माझ्या दातांना कधी चेहऱ्याचं क्रीम लावते का?"

मग मात्र त्या मऊ आवाजात म्हणाल्या, की तिशी-चाळिशीतल्या कितीतरी बायका आणि पुरुष हेच घेऊन येतात. यात मळ नाही, पाप नाही, तुमचा दोष नाही. औषध आहे. क्रीम रात्री लावायचं, तेही वाटाण्याएवढं, घमेलंभर नाही. साधा सौम्य साबण. उन्हात जाताना सनस्क्रीन, नाहीतर डाग गडद होतात. मास्क ओला झाला की बदलायचा. आणि हात लावायचा नाही.

"किती दिवसांत जाईल?"

"दोन-तीन महिने धरा. सुरुवातीला कातडी कोरडी पडेल, कदाचित आणखी वाईट दिसेल. तेव्हा सोडून देऊ नका."

"मला जरा घाई आहे हो."

"घाई असेल तर जास्तच धीर धरा."

पण महिना संपायला आला होता. शेवटचा डबा घेऊन कवळीवाले आले तेव्हा मी होते, माझ्या दोन्ही बहिणी होत्या, आणि वर क्रीमनं सुटलेले कोंड्यासारखे पापुद्रे. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. त्यांनी डबा मावशींच्या टेबलावर ठेवला आणि वळले.

आतलं दार उघडलं. "चहा घेता का?" मालकीण म्हणाली.

कवळीवाल्यांनी मागे वळून बघितलं, हा प्रश्न आणखी कुणाला आहे की काय. मागे फक्त पाण्याचं पिंप होतं.

आतल्या छोट्या खोलीत एक ओटा आणि दोन स्टुलं. चहा ओतला गेला. मालकिणीनं कानामागचा एक बंद सोडला, मग दुसरा. मास्क खाली आला. मित्रांनो, माझं हे पहिलंच जाहीर दर्शन! मी छाती पुढे काढली. कवळीवाले तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बघतच राहिले.

"बघा," ती कसंबसं म्हणाली, "हे असं आहे. म्हणून मी…"

"खालचा डावा सुळा," कवळीवाले म्हणाले.

"काय?"

"वाकडा आहे तुमचा. दातांच्या डॉक्टर असून! इतकी वर्षं मी तुमच्यासाठी सरळ दात घडवतोय, आणि तुमच्याच घरात हे?"

मालकीण अशी हसली की हनुवटी ताणली जाऊन माझा जीव कासावीस झाला. हसता हसता तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि ही? ही नाही दिसली तुम्हाला?"

"कुठली?" ते पुढे वाकले. "अच्छा, ही. दुखते का हो?"

मला इतका अपमान कधीच सहन करावा लागला नव्हता. आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

"दुखते थोडी," ती म्हणाली.

"मग तुम्ही आत पळत होता ते हिच्यापायी? मी समजलो, माझा कंटाळा आला."

"कंटाळा कसला? चहा गार होतोय, घ्या."

कुरिअरवाला कधी आलाच नाही. कवळीवाले अजूनही डबा छातीशी धरूनच येतात, आणि येतात ते नेमके चहाच्या वेळेला.

त्यानंतर मी बसत गेले. औषध आपल्या गतीनं काम करत राहिलं. आधी बहिणी गेल्या, मग माझी लाली गेली, फुगवटा गेला, आणि उरला तो एक तपकिरी डाग, तोही आता दिसेल न दिसेल असा. मालकीण आता भिंतीकडे तोंड करून जेवत नाही. मावशींना डब्याचा वासच काय, घासही मिळतो. मध्ये एक नवीन पुटकुळी जबड्यावर आली होती. मालकिणीनं आरशात बघितलं, म्हणाली, "आलीस? बस." आणि कामाला निघून गेली. बिचारी नवीन, एवढ्या थंड स्वागतानं ओशाळून लवकर गेली.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांत खुर्च्या, छत्र्या, फळं सगळी तुम्हाला सांगतात की आमच्याकडे लक्ष द्या, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. माझ्याकडे एवढं लक्ष देऊ नका. मला नख लावू नका, लिंबात घालू नका, फेसात बुडवू नका. जास्त झालं तर डॉक्टरांना दाखवा, औषध लावा आणि मला माझ्या वेळेनं जाऊ द्या. आणि मी असेपर्यंत तुमचा चहा गार होऊ देऊ नका.

गेल्या आठवड्यात आई राहायला आली. तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे वळवला आणि विचारलं, "मनी, ती मेली कुठं होती गं? मला तर काहीच दिसत नाही."

मालकिणीनं जरा आठवून बघितलं आणि उजव्या गालावर बोट ठेवलं. "इथं कुठंतरी होती बहुतेक."

डावीकडे होते मी! हनुवटीवर, डावीकडे!