चाकोरीखालचा कण

मित्रांनो, मी एक जुना तणनाशकाचा कण आहे. लगेच नाक मुरडू नका. विषालाही आयुष्य असतं, आणि माझं सध्या मुरगूडजवळच्या एका उसाच्या रानात, ट्रॉलीच्या चाकोरीखाली कोंडून पडलं आहे.

कारखान्यात जन्मलो, पुड्यात बसून इथं आलो. या रानाचे मालक कुतुबुद्दीनचाचा. त्यांनी मला पाण्यात कालवून उसाच्या लावणीनंतर फवारलं. रानात तणाचं नाव उरलं नाही. "औषध म्हंजे औषध हाय बघ!" असं ते शेजारच्या धोंडीरामला बांधावरून ओरडून सांगत होते. तेव्हा मी केवढा फुगलो होतो!

काम झालं की आम्ही मरायचं असतं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आम्हाला खाऊन मोडून टाकतात. फक्त त्यांना श्वासापुरती हवा लागते. मी मोडलो नाही, तर मोठा लबाड. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून सांगावे धाडतात, इथं वाढ, तिथं थांब. मी मध्येच घुसून खोटा सांगावा पोचवतो. मला ते आवडत नाही, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

मेलोही असतो. पण तोडणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, रानात चिखल झाला, आणि नेमकी तेव्हाच ऊसतोडीची टोळी ट्रॉली घेऊन आली. चाचांच्या बायको, इमामबीचाची, ट्रॉलीला आडव्या झाल्या.

"अवो, वाफसा तरी येऊ द्या की! चिखलात चाक घालताय व्हय?"

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही सुखानं नांदतात ती वेळ.

"टोळी काय माझी पावणी हाय, बसून ऱ्हायला?" चाचा खेकसले. "गेली तर ऊस वाळंल!"

ट्रॉली आत गेलीच. चाकांनी माती विटेसारखी दाबली. हवा गेली, मला खाणारे जीव गुदमरले, आणि मी अडकलो. बाकीच्या रानात चाचींनी पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पेटवू दिलं नाही, तसंच पसरलं. त्याखाली ते जीव पोसले. तिथल्या माझ्या भावंडांचा केव्हाच फडशा पडला. नशीबवान!

ही चाकोरी थेट विहिरीपर्यंत जाते. त्या विहिरीचं पाणी आता नसरीन पिते. ती चाचांची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. संध्याकाळी बांधावर बसून ती पोटातल्या बाळाशी बोलते. परवा म्हणाली, "तुझ्या नानाचं रान बघ की रं, कसं हिरवंगार हाय." मला रडू आवरेना. जोराचा पाऊस आला की मी झिरपत विहिरीत उतरेन, तिथून तिच्या तांब्यात. त्या इवल्या देहाला मी काय सांगेन, मलाच ठाऊक नाही. पळायला पाय नाहीत आणि थांबणं माझ्या हातात नाही.

काल चाचांनी चाकोरीवर पहार मारून पाहिली. "कसली गच्च झालीया! बघू पावसानंतर," असं पुटपुटत ते घराकडे वळले. मी खालून किती ओरडलो!

मित्रांनो, झाड असो वा नदी, आपली कहाणी सांगणारे सगळे शेवटी तुमच्याकडे जपणूक मागतात. मी उलटं मागतो. चाचा भेटले तर सांगा, पावसाच्या आत ही चाकोरी फोडा, शेणखत घाला, मातीत हवा खेळू द्या. नसरीनचं बाळ जन्माला यायच्या आत मला मरायचं आहे.