गेलेल्या बायांची वाडी

वनमालाबाईंच्या माहेराहून दोन गोष्टी मुलुंड ईस्टच्या या चौथ्या मजल्यावर आल्या. एक बायांची वाडी. दुसरी काय, ते गेल्या मंगळवारी लॅबच्या कागदावर कळलं.

वाडी म्हणजे नैवेद्याचं पान. सर्वपित्रीला सगळेच पितरांना जेवू घालतात. पण मालवणकडच्या त्या घरात आणखी एक पान निघायचं, फक्त गेलेल्या बायांचं. कारण तिथल्या बाया साठी ओलांडली की जिवंतपणीच जायच्या. चूल विसरायच्या, पोरांची नावं विसरायच्या, अंगावर अर्धं लुगडं घेऊन भरदुपारी वाट धरायच्या. गावात म्हणायचे, बाधा आहे, बाईलाच धरते, बाप्याला शिवत नाही. ती शांत व्हावी म्हणून त्या पानावर वडे, आणि ते वडे लेकींनीच संपवायचे. तळणीचं उरलेलं तेल गाळून ठेवायचं आणि पुढे महिनाभर बायकांची भाजी त्यातच. पुरुषांना ताजं तेल. आता बोला.

श्रुतिका, म्हणजे वनमालाबाईंची लेक, हे सगळं हसण्यावारी न्यायची. सव्वीस वर्षं बँकेत काढलेली बाई ती. पण आई एक दिवस भाजी घेऊन परत येताना स्वतःची बिल्डिंग विसरली आणि तिचं हसू तिथेच संपलं. आता आई शहात्तर वर्षांची आहे आणि लेकीला कधी 'आये' म्हणते, कधी 'मावशे'.

डॉक्टरीणबाईंनी श्रुतिकाचा कागद समोर ठेवून तिला समजावलं होतं. "तुमच्यात हे विसरण्याच्या आजाराचं जनुक दोन्हीकडून आलंय. आईकडून एक, वडलांकडून एक."

"बाबांकडून? अहो, ते ब्याऐंशीव्या वर्षी गेले. शेवटपर्यंत गिरणीतल्या प्रत्येक जोडीदाराचं नाव पाठ होतं त्यांना."

"असतं तसं. जनुक असलं म्हणजे आजार होतोच असं नाही. पण बायकांना त्याचा फटका जास्त बसतो. मेंदूत कचरा उचलणाऱ्या पेशी असतात, झाडूवाल्या समजा. जनुक, बाईचं शरीर, पाळी गेल्यानंतरची वर्षं, वर खाण्यात तेल-साखर, असं सगळं जमलं की कधीकधी त्या पेशी बिथरतात. कचऱ्याबरोबर चांगलंही उचलून नेतात. अजून सगळं उमगलेलं नाही आम्हाला. खाणं तेवढं आपल्या हातात आहे, ते सांभाळा. आणि तुमच्या मुलीत एक तरी आलंच असणार."

शेवटचं वाक्य श्रुतिकाच्या काळजात रुतलं. तिचा भाऊ नितेश, त्याचाही रिपोर्ट अगदी तोच, फोनवर म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ गं. मला पण आहे ना." बरोबर आहे. बाप्याला शिवत नाही.

त्या दिवसापासून तिला डोक्यात कुणीतरी वावरतंय असं वाटायला लागलं. झाडू घेऊन, अनवाणी, एकेक वस्तू उचलून बघणारं. ती घाबरली होती, स्वतःसाठी थोडी आणि चोवीस वर्षांच्या लेकीसाठी, रुचिरासाठी, फार. तिने ठरवून टाकलं, यंदा वाडी नाही. गाळलेल्या तेलाचा डबा तिने कचऱ्यात फेकला. रुचिराला बजावलं, "ते वडे आता या घरात होणार नाहीत. माझ्यापाशी संपलं ते."

सर्वपित्री रविवारी आली. रुचिरा सकाळीच बॅडमिंटनला गेली. श्रुतिकाने नाचणीच्या भाकऱ्या केल्या, दुधी शिजवला आणि गॅसची बटणं काढून गाऊनच्या खिशात टाकली. आईने एकदा गॅस उघडा ठेवला होता, तेव्हापासूनची ही सवय. मग ती जरा आडवी झाली.

उठली ती वासाने. गरम तेल, मेथी, धणे.

गॅलरीत, मिठागराकडच्या ग्रिलपाशी, केळीच्या पानावर पाच वडे होते. टम्म फुगलेले. शेजारी आई मांडी घालून शांत बसली होती. श्रुतिका स्वयंपाकघरात धावली. कढई गरम होती. बटण गॅसवर होतं आणि तिचा खिसा रिकामा.

"आई, हे कोणी तळले?"

"तूच की गो," वनमालाबाई म्हणाल्या.

श्रुतिकाने हात नाकाशी नेले. नखांत पीठ होतं.

दार उघडून रुचिरा आत आली. "मस्त वास सुटलाय. तू तर म्हणालेलीस यंदा नाही, मग मूड कसा बदलला?"

"पीठ कुठून आलं?"

"काय आई. साडेआठला तूच फोन केलास, वड्याचं पीठ आणि केळीचं पान आणून दे म्हणून. मी दारात देऊन परत गेले. तू थँक्यू पण म्हणालीस."

श्रुतिकाने फोन बघितला. आठ बत्तीस, रुचिरा, दीड मिनिट. तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवेना. ती स्टुलावर बसली.

रुचिरा गॅलरीत गेली, पानापाशी वाकली आणि एक वडा उचलला. श्रुतिका उठली कधी ते तिचं तिलाच कळलं नाही, पण पोरीचं मनगट तिच्या मुठीत होतं, घट्ट.

"नको खाऊस. ऐक माझं. तू नको."

"आई, दुखतंय."

वनमालाबाई त्या मुठीकडे बघत होत्या. कित्येक महिन्यांनी त्यांची नजर कुठेतरी ठरली होती.

"माझ्या आवशीन पण माझो हात असोच धरलेल्यान," त्या म्हणाल्या. "ह्याच दिवशी. 'खाव नको' म्हणा होती."

सोनूबाई. आईची आई, खुळी म्हणून गावाने कोंडून ठेवलेली ती बाई. श्रुतिकाने मनगट न सोडता विचारलं. "मग तू काय केलंस?"

"मी काय करतलंय? खाल्लंय. खुळ्या बायेचा कोण ऐकता?"

रुचिराने हळूच, एकेक बोट सोडवत, आपला हात काढून घेतला. ती श्रुतिकाकडे बघत होती, मायेने, सांभाळून घेत. ती नजर श्रुतिकाला चांगलीच ओळखीची होती. आईला आंघोळ घालताना ती स्वतः अशीच बघायची.

"बरं हं आई," रुचिरा म्हणाली, "तू बस बघू जरा," आणि तिने वड्याचा घास घेतला.